बुटकोबा आणि मास्तरांची कात्री

मी उंच नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तुमची निराशा व्हायला नको. मित्रांनो, मी एक ठेंगणे, जरा वाकडे आणि आता बऱ्यापैकी वय झालेले झाड आहे. एका शिंप्याच्या परसात, एका थोरल्या झाडाच्या सावलीत मी उभा आहे. मला सगळे बुटकोबा म्हणतात. माझे पुस्तकातले नाव फार लांबलचक आहे. ते पूर्ण उच्चारेपर्यंत माझी पाने गळून नवी येतात, म्हणून ते राहू द्या.

माझ्या बोलण्यात तिखटमीठ जरा जास्त असते, असे परसातल्या चिमण्यांचे म्हणणे आहे. असेल. एका उन्हाळ्यात मी इतकी गार सावली पाडली होती की शेजारचे मांजर माझ्याखाली झोपले आणि सर्दी होऊन शिंकत उठले. चिमण्यांना हे पटत नाही. पण कात्रीची जी गोष्ट आता सांगणार आहे, ती मात्र मास्तरांच्या शिवणीसारखी सरळ आहे. तिच्यात मी एक टाकाही जादा घातलेला नाही.

आमचे घराणे डोंगरउतारावरच्या जंगलातले. जंगल म्हणजे तीन मजली घर समजा. वरच्या मजल्यावर मोठी झाडे, तळमजल्यावर गवत, नेचे आणि बेडूक, आणि मधल्या मजल्यावर आम्ही. वरचे लोक पोटभर ऊन खातात आणि त्यांच्या ताटातून जे सांडते, त्यावर आमचे भागते. दुसऱ्याच्या सावलीत राहण्याची तुम्हाला लाज वाटत असेल; आम्हाला ती मानवते. मात्र वर्षातून एकदा आमची पाळी येते. थंडी सरता सरता थोरल्यांची पाने गळालेली असतात आणि नवी अजून यायची असतात. त्या पंधरा-वीस दिवसांत ऊन थेट खालपर्यंत उतरते. तेवढ्यात आम्ही घाईघाईने फुलून घेतो. स्वतःच्या पानांचीही वाट पाहत नाही. उघड्या काटक्यांवर गुलाबी फुले, एकाला एक चिकटून, नुसती दाटी.

हे दृश्य जिने पाहिले, तिच्यामुळे मी आज बोलतो आहे. ती मास्तरांची थोरली बहीण. घरात सगळे तिला ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणतो.

ताई रस्ते बांधणाऱ्या खात्याच्या कचेरीत नकाशे आखायची. तिरप्या मेजावर कागद ताणायचा, पेन्सिलीला सुईसारखे टोक करायचे आणि पट्टी धरून रेषा ओढायची, हे तिचे काम. तिची रेषा कधी हलली नाही, अशी तिची ख्याती होती. एकदा साहेबांनी तिला दोन गावांमधला रस्ता आखायला दिला. तिने आखला. मग मोजणीवाल्या मंडळींबरोबर ती स्वतः जागा पाहायला गेली. एरवी कुणी नकाशा आखणारा एवढी पायपीट करत नाही, पण ताईचा स्वभावच तसा.

थंडी सरत आली होती. आमचा अख्खा उतार फुलला होता, आणि ताईची रेषा त्याच्या बरोबर मधून गेली होती.

ती कचेरीत परतली आणि साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, "रस्ता वळवायचा तर आधी नदी वळवावी लागेल, बाई." ते खोटे बोलत नव्हते. एका बाजूला नदी होती, दुसऱ्या बाजूला कडा. पुढे पावसाळा लागताच ताई सुटी काढून एकटीच उतारावर आली. तिने आपला जेवणाचा डबा तिथेच बसून रिकामा केला, पुसला, आणि वीतभर उंचीचे एक रोप मुळांभोवतीच्या मातीसकट त्यात बसवले. ते रोप म्हणजे मी. झाकण अर्थातच लागले नाही. त्यामुळे बसमधून मी डोके बाहेर काढून सगळा प्रवास पाहिला. कंडक्टरने माझे अर्धे तिकीट मागितले होते, पण ते राहू द्या, चिमण्या ऐकताहेत.

वर्षभरात तो उतार गेला. रस्ता झाला.

घरी आल्यावर ताईने भावाला आणि भावजयीला सगळे सांगितले. "सगळा उतार गुलाबी होता रे. वरच्या झाडांना एक पान नाही, आणि मध्ये हे असं गुलाबी धुकं उतरलेलं."

तिचा भाऊ म्हणजे मास्तर. शाळेतले नव्हेत, शिलाईचे. गळ्यात टेप, कानावर खडू आणि ओठांत दोन टाचण्या असा त्यांचा कायमचा वेष. टाचण्या न काढताच ते म्हणाले, "ताई, दिवसभर नकाशात रंग भरतेस. तोच डोळ्यांत गेला असेल."

"मी पाहिलंय."

"गुलाबी धुकं."

"हो."

"बरं," मास्तर म्हणाले आणि काजे करायला बसले. ते तेव्हा हसले, आणि पुढे कितीतरी वर्षे हसत राहिले. ताईचा डोंगर हा त्या घरातला कायमचा विनोद झाला. कुणी काही वाढवून सांगितले की मास्तर म्हणायचे, "हा ताईच्या डोंगराचा भाऊ दिसतोय."

मला लावण्यातली पहिली चूक मास्तरांनीच केली, पण ती प्रेमाने. पाहुण्याला चांगल्या जागी बसवावे तसे त्यांनी मला पुढच्या अंगणात मधोमध लावले. दिवसभर डोक्यावर ऊन. आठ दिवसांत माझ्या पानांच्या कडा तपकिरी होऊन वळल्या.

"इस्त्री लागली याला," मास्तर म्हणाले. करपलेले कापड त्यांना लांबूनही ओळखू येते.

तेव्हा ताईने जे केले, ते फक्त ताईनेच केले असते. सुटीच्या दिवशी तिने सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला घराभोवती फेरी मारली आणि सावलीची कड जिथे असेल तिथे खुंट्या ठोकून त्यांना दोरा बांधला. सातचा दोरा पांढरा, आठचा निळा, नऊचा खाकी. दुपारपर्यंत घराभोवती कोळ्याने जाळे विणावे तसे झाले. मास्तरांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, धुणे वाळत घालायला जाता येईना.

"वन्सं, मी आता उडत जाऊ का दोरीपर्यंत?"

"पाय उचलून टाक गं. नऊचा तेवढा तोडू नकोस."

"आणि माझं खाकी रीळ?" मास्तर खिडकीतून म्हणाले. "शाळेच्या पन्नास चड्ड्या आहेत अजून."

"गुंडाळून देते संध्याकाळी."

संध्याकाळी तिने सगळे दोरे कागदावर उतरवले. सावलीचा नकाशा. तो आजही घरात आहे. त्यावरून तिने जागा काढली: मास्तरांच्या कामाच्या खोलीमागे, थोरल्या झाडाच्या पूर्वेला. तिथे सकाळचे कोवळे ऊन येते आणि दुपार चढली की थोरला आपली छत्री उघडतो. माझ्या जुन्या घरासारखेच.

खड्डाही तिने मोजूनमापून केला. खोल फारसा नाही, पण परातीसारखा पसरट. माझी मान, म्हणजे खोड जिथे मुळांना मिळते तो भाग, जमिनीच्या वरच राहील याची तिने पट्टी लावून खात्री केली. मग वाळक्या पानांचे पांघरूण घातले, तेही खोडापासून चार बोटे दूर. पहिली दोन वर्षे कोरड्या दिवसांत ती मला एक बादली पाणी हळूहळू पाजायची, बाळाला पाजतात तसे, थांबून थांबून.

वहिनींचे आणि त्या पांघरुणाचे मात्र काही केल्या जमेना. त्यांना परस आरशासारखे लागते. त्या रोज पाने झाडून टाकायच्या आणि ताई रोज ती परत आणायची. शेवटी एकदा ताईने खडूने जमिनीवर गोल काढला.

"या गोलाच्या आत कचरा तुझा नाही."

"मग कुणाचा?"

"बुटकोबाचा. ते त्याचं जेवण आहे."

वहिनी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहत राहिल्या. "जेवतोय खरा, पण उंची कुठे जातेय?" त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून गोलाच्या कडेने अशी काळजीपूर्वक झाडू लागल्या की एक पान इकडचे तिकडे होत नसे. बुटकोबा हे नाव ताईने ठेवले, पण घरभर केले ते वहिनींनी.

तिसऱ्या वर्षी मी मास्तरांच्या खिडकीपर्यंत आलो, आणि इथून माझी कहाणी बिघडली.

मास्तरांना सुटलेला धागा दिसला की चैन पडत नाही. बसमध्ये पुढे बसलेल्या अनोळखी माणसाच्या कॉलरवर धागा दिसला तर ते खिशातली छोटी कात्री काढून तो हळूच कापतात, आणि त्या माणसाला पत्ताही लागत नाही. शाळा उघडण्याआधी गणवेशांची घाई असते तेव्हा त्यांना मान वर करायला सवड नसते. थंडीत मात्र हात रिकामे. खिडकीबाहेर मी उभा, आणि माझ्या अंगावर गेल्या उन्हाळ्यातल्या काटक्या इकडेतिकडे निघालेल्या. मास्तरांना त्या काटक्या दिसत नव्हत्या. त्यांना धागे दिसत होते.

ते लांब पात्यांची बागकात्री घेऊन आले, खडूने मनातल्या मनात खुणा केल्या आणि मला असा सुबक गोल कापला की रस्त्यावरून जाणारे थांबून म्हणाले, "वा मास्तर, टोपी शिवलीत जणू." मी खुशीत होतो, हे कबूल करतो. स्तुती कुणाला आवडत नाही? कचेरीतून आल्यावर ताईसुद्धा म्हणाली, "नीटनेटका दिसतोय."

पण मित्रांनो, आमची एक गोष्ट त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हती. आमची फुले त्या नव्या काटक्यांवरच येतात. पावसाळा संपता संपता कळ्या तयार होतात. मोहरीएवढ्या, तपकिरी, काटकीच्याच रंगाच्या. थंडीभर त्या तिथेच झोपून राहतात. मास्तर दर थंडीत यायचे आणि माझे अख्खे पुढचे वर्ष कापून टोपलीत टाकायचे.

मी काय करणार? मी त्यांच्या बाहीला काटकी अडकवली. त्यांनी ती आधी सोडवली आणि मग कापली.

चौथ्या वर्षी फूल नाही. सगळे म्हणाले, लहान आहे अजून. पाचव्या वर्षी नाही, सहाव्या वर्षी नाही. ताईने माती बदलली, शेणखत घातले, एकदा बारीक खुरप्याने माझ्या मुळांशी असे हळू उकरून पाहिले जसा डॉक्टर पोट दाबून बघतो. प्रकृती ठणठणीत. दरवर्षी थंडी सरायला लागली की ती कचेरीत जाण्याआधी माझ्यासमोर येऊन उभी राहायची. वरपासून खालपर्यंत पाहायची. मग पिशवी खांद्यावर चढवून निघून जायची.

सातव्या वर्षी ती एकदा माझ्या खोडाला हात लावून, फक्त मला ऐकू जाईल असे म्हणाली, "तुला तिथून उपटायला नको होतं मी. रुसलास तर तुझं चुकलं नाही."

माझा जीव तुटला. मी रुसलो नव्हतो. आमच्या घराण्यात रुसायची पद्धतच नाही. पण झाडाला बोलता येते ते फक्त फुलांनी, आणि माझे शब्द तर टोपलीत जात होते.

त्याच वर्षी मास्तरांना आणखी दोन शिलाई यंत्रे ठेवायला जागा हवी झाली. खोली वाढवायची तर परसाकडेच, म्हणजे माझ्या डोक्यावरून. रात्रीच्या जेवणाला बोलणे निघाले. स्वयंपाकघराची खिडकी माझ्याच बाजूला आहे, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"ताई, नाराज होऊ नकोस," मास्तर म्हणाले, "पण सात वर्षं झाली. सावली थोरल्याची मिळते, फळ नाही, फूल नाही. नुसता गोल गोल उभा आहे."

ताईने उचललेला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाली, "एक थंडी अजून बघू. या खेपेला नाही फुलला, तर गवंड्याला बोलाव. मी मध्ये येणार नाही."

"नक्की?"

"मी आखलेली रेषा बदलते का कधी?"

वहिनींनी तिच्या ताटात न विचारता आणखी भाजी वाढली.

पुढचा पावसाळा संपला. मी कळ्या धरल्या. माझ्याजवळ दुसरे होते तरी काय? थंडी पडली, मास्तरांचे हात रिकामे झाले आणि एका सकाळी ते बागकात्री घेऊन बाहेर आले. खिडकीच्या बाजूने सुरुवात केली. सप, सप, सप. वरून खाली, सरळ रेषेत, सदऱ्याच्या मधोमध बटणपट्टी असते ना, बरोबर तिथपर्यंत त्यांनी माझी एक बाजू गुळगुळीत केली. आता ते दुसऱ्या बाजूला वळणार, एवढ्यात वहिनी धुणे घेऊन आल्या.

"अहो, हे काय करताय?"

"नीट करतोय."

"महिन्याभराने गवंडी कापणारच आहे ना? मग आत्ता कशाला इस्त्री? चहा निवतोय."

मास्तर कात्री हातात धरून उभे राहिले. अर्धवट काम टाकणे त्यांना जड जाते. पण बोलणे बिनतोड होते, आणि चहाही खरोखरच निवत होता. ते आत गेले. कात्री खिळ्याला लटकली. कापायचाच आहे तर नटवायचा कशाला, या एका विचाराने माझी अर्धी बाजू वाचली. मित्रांनो, माझ्यावर इतके उपकार त्याआधी कुणी केले नव्हते, आणि तेही मला टाकून देऊन.

त्या वर्षी थंडी हटता हटेना. फुलायचे दिवस आले तरी माझ्या कळ्या पापण्या उघडायला तयार नव्हत्या. ताईने वाट पाहिली. आठ दिवस, पंधरा दिवस. मग एका संध्याकाळी ती भावाला म्हणाली, "बोलाव गवंड्याला."

गवंडी येऊन जागा पाहून गेला. मला दोन्ही हातांनी हलवून म्हणाला, "हे तर अर्ध्या तासाचं काम. सोमवारी येतो."

आता गवंड्याचा सोमवार म्हणजे काय, हे ज्यांनी घर बांधले आहे त्यांना विचारा. पहिल्या सोमवारी त्याची फावडी दुसरीकडे अडकली होती. दुसऱ्या सोमवारी त्याच्या मेहुण्याचे पोट दुखत होते. तिसऱ्या सोमवारी तो आला होता, पण आमच्याऐवजी मागच्या गल्लीत, आणि तिथे त्याला कुणीतरी भिंतच बांधायला लावली. मास्तर चिडले. मी मात्र त्याच्या मेहुण्याला मनातल्या मनात दीर्घायुष्य चिंतले. तिसरा सोमवार गेल्यावर वारा बदलला. गुरुवारी माझ्या कळ्या फुगल्या. शनिवारी त्यांना गुलाबी टोक आले. रविवारी घरातले सगळे एका नातेवाइकाकडे गेले होते आणि उशिरा परतले, त्यामुळे परसात कुणी डोकावले नाही.

सोमवारी सकाळी मास्तरांनी कामाच्या खोलीची मागची खिडकी उघडली.

ते बनियनवर, गळ्यात टेप, तसेच बाहेर आले. पाच पावलांवर थांबले. माझी एक बाजू बुंध्यापासून शेंड्यापर्यंत गुलाबी झाली होती. एका काटकीवर पन्नास-साठ फुले, आणि अशा काटक्या किती, ते मी सांगितले तर तुम्ही म्हणाल बुटकोबा पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या बाजूला मात्र एकही फूल नव्हते.

मास्तर पाहत राहिले. आधी गुलाबी बाजूकडे. मग त्यांची नजर मधल्या रेषेवर आली आणि तिथेच अडकली. फुले एका सरळ रेषेवर थांबली होती. वरून खाली, बटणपट्टी असते तिथे. मास्तरांनी आयुष्यात हजारो कापडे कापली आहेत. आपल्या हाताचा काप त्यांना अंधारातही ओळखू येईल. त्यांनी खिळ्यावरच्या कात्रीकडे पाहिले, आणि त्यांच्या ओठांतली एक टाचणी गळून खाली पडली.

तेवढ्यात ताई आणि वहिनी बाहेर आल्या, आणि नेमका त्याच वेळी कुऱ्हाड खांद्यावर टाकून गवंडीही दारातून आत आला. चौथ्या सोमवारी. वेळेवर.

ताई जवळ आली, एका फुलाला बोट लावले आणि तशीच उभी राहिली.

"अगंबाई," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "वन्सं, खरंच गुलाबी आहे हो."

गवंडी माझ्याभोवती फिरून आला. "छान आहे, पण बाई, अर्धं मेलंय हे. ही बाजू बघा. जाता जाता शेवटचं फुललंय. पुढच्या वर्षी हेही राहायचं नाही."

ताईने मान डोलावली. "असेल. बघायला मिळालं, तेवढं पुष्कळ." मग भावाकडे वळून म्हणाली, "मी शब्द दिलाय. घे करून तुझी खोली. या फुललेल्या फांद्या तेवढ्या मला काढून दे आधी, पाण्यात ठेवते."

मित्रांनो, त्या क्षणी मास्तर गप्प बसले असते, तर जगात कुणालाही काही कळले नसते. गवंड्याचे निदान तयार होते. ताईचा शब्द तयार होता. यंत्रांना जागा हवीच होती. गवंड्याने कुऱ्हाडीच्या पात्यावर अंगठा फिरवून पाहिला. मी श्वास रोखला. खोटे वाटत असेल तर थोरल्याला विचारा. त्या सकाळी माझे एक फूलही हलले नाही.

मास्तरांनी ओठांतली दुसरी टाचणी काढली आणि बनियनला टोचली.

"ही बाजू मेलेली नाही," ते म्हणाले.

"मग फुलली का नाही?" गवंडी म्हणाला.

"कारण ही मी कापली." त्यांनी त्या रेषेवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवले. "इथपर्यंत. मग चहाला गेलो." ते बहिणीकडे वळले. "कळ्या होत्या त्या, ताई. मला वाटलं धागे आहेत. दर थंडीत मीच कापत होतो. इतकी वर्षं."

ताई त्या उघड्या बाजूजवळ गेली. कापलेल्या टोकांकडे पाहिले. मग गुलाबी बाजूची एक काटकी चिमटीत धरून तिने बोट मागे नेत नेत तपासली, जिथे एक कळी अजून उघडायची राहिली होती तिथपर्यंत. काटकीच्या रंगाची, मोहरीएवढी.

"म्हणजे हा माझ्यावर रुसला नव्हता," ती म्हणाली.

"नाही गं. याची काही चूक नाही. तुझीही नाही."

ताईने डोळे मिटले आणि उघडले. बस, एवढेच.

"आणि ताई," मास्तर म्हणाले, "तो डोंगर."

"काय डोंगराचं?"

"असणार गुलाबी."

ताई हसली नाही, चिडलीही नाही. तिने फक्त भावाच्या बनियनला टोचलेली टाचणी काढून त्याच्या हातावर ठेवली, टोचेल म्हणून. मास्तर गळ्यातल्या टेपने डोळे पुसायला लागले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अहो, पदर देते हवा तर. टेपचे आकडे जातील."

गवंड्याने कुऱ्हाड खाली ठेवली. "मग खोली कुठे बांधू?"

ताई आत जाऊन एक गुंडाळी घेऊन आली. सावलीचा नकाशा. तिने तो धुण्याच्या दगडावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले आणि घराच्या पश्चिमेला बोट टेकवले. तिथे दुपारभर असे ऊन तापायचे की गवतही उगवत नसे. "इथे. भिंतीला ऊन लागलं तर लागू दे, यंत्रं काही करपत नाहीत."

गवंड्याने नकाशा उलटसुलट करून पाहिला, समजल्यासारखी मान हलवली आणि म्हणाला, "सोमवारी येतो."

खोली झाली. किती सोमवारांनी, ते विचारू नका.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे लोटली. माझ्या खोडाला भेगा पडल्या आहेत, एका बाजूला टेकू आहे. थोरल्याची एक मोठी फांदी वादळात मोडली, तेव्हापासून दुपारी मला जरा जास्त ऊन लागते. वहिनी म्हणतात, या वयात तेवढी ऊब बरीच. त्या अजूनही गोलाच्या कडेने झाडतात. खडूचा गोल कधीच पुसला गेला आहे, पण त्यांच्या केरसुणीला तो पाठ आहे. ताई कचेरीतून निवृत्त झाली. दरवर्षी माझ्या शेंगा वाळल्या की ती बिया जेवणाच्या डब्यात भरते आणि बसने त्या रस्त्यावर जाते. रस्त्याच्या कडेला थोरली झाडे उरली आहेत, त्यांच्या सावलीत बोटाने भोके पाडून ती बिया पेरते. पहिली दोन-तीन वर्षे काही दिसले नाही. आता म्हणे थंडी सरता सरता बसचे लोक खिडकीतून माना बाहेर काढतात. एकदा मास्तर तिच्याबरोबर जाऊन आले. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाला म्हणाले, "आमच्या ताईने रस्ता आखला, आणि आता त्याला किनार लावतेय."

आणि कात्री? ती त्याच खिळ्यावर आहे. मास्तर तिला हात लावतात, पण माझी फुले गळून गेल्यावर, तेही फक्त वाळलेल्या काटक्यांसाठी. कापण्याआधी प्रत्येक काटकी ते अंगठा आणि बोटामध्ये धरून चाचपतात, चांगल्या कापडाचा पोत पाहावा तशी. आता त्यांचा हात थरथरतो, त्यामुळे जरा गुदगुल्या होतात. मी हसतो. चिमण्या म्हणतात वारा आहे.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या अंगणात एखादे झाड उगाच उभे आहे असे कधी वाटले, तर एवढे माझ्यासाठी करा. कात्री उचलण्याआधी त्याची एक काटकी चिमटीत धरा आणि हलकेच बोट फिरवा. मोहरीएवढे काही लागले, तर कात्री खिळ्याला टांगा आणि थांबा. पुढच्या सोमवारपर्यंत नव्हे, गवंड्याच्या सोमवारपर्यंत.